एका नथीपासून सुरुवात कर

अगं मनू,

तुझी यादी वाचली. रेझिन, क्ले, चांदीचं काम, गॅसचा छोटा टॉर्च, ऑक्सिडाइज्डचे झुमके, कुंदन, आणि सगळ्याच्या खाली ‘महिन्याला चार क्लास’. तुझा उत्साह बघून बरं वाटलं. पण ताई म्हणून सांगते, पेन्सिल घे आणि ती यादी खोड. एकच ओळ ठेव: मोत्याची नथ, दाबाची. बाकीचं पुढच्या वर्षी बघू.

नथच का, ते सांगते. विस्तव लागत नाही. डाग द्यायचा म्हटलं की ज्योत आली, सवागी आली, वर आम्लात टाकून साफ करणं आलं. रांगती पोर असलेल्या ठाण्याच्या दोन खोल्यांत हे कशाला हवंय? रेझिनचंही तेच. त्याला वारा खेळता हवा, हातमोजे हवेत, आणि कुणाकुणाची कातडी त्यानं अशी बिघडते की पुन्हा डबीजवळ जाता येत नाही. नथीला दोन प्रकारची तार, मूठभर मोती, एक गुलाबी खडा आणि तीन हत्यारं पुरतात. सगळा संसार एका खणात मावतो. आणि तार वळवणं, वेढे घालणं, नीट कापणं, टोक लपवणं हे नवशिक्या हाताला लागणारं सगळं तिच्यात येतं. दाबाची असली की नाक टोचलेलं नसलं तरी चालतं, त्यामुळे कॉलेजातल्या मुलीपासून तुझ्या सासूबाईंच्या भिशीपर्यंत कुणीही येईल.

शिवाय नथीला गिऱ्हाईक शोधायला लागत नाही. श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गौरी, मग दिवाळी, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. अर्धं वर्ष बायका नथ शोधत असतात. तू फक्त सणाच्या तीन आठवडे आधी क्लास ठेवायचास. सणाच्या आदल्या आठवड्यात कुणाला शिकायला वेळ नसतो, तेव्हा सगळ्यांना आयती हवी असते.

आता जागा. वेगळी खोली नाही म्हणून अडून बसू नकोस. खिडकीजवळचं जेवणाचं टेबल चालेल, फक्त ते रोज रिकामं करता आलं पाहिजे. म्हणून सगळं सामान झाकणाच्या डब्यांत, डबे एका खणात, आणि खणाला कुलूप. हे कुलूप तुझ्या लेकीसाठी, ओवीसाठी. तीन मिलिमीटरचा मोती तिच्या नाकातही जातो आणि घशातही. क्लास संपला की आधी झाडू, मग विजेरी जमिनीलगत आडवी धरून एक फेरी. आडव्या उजेडात मोत्याची आणि तारेच्या तुकड्याची सावली लांब पडते आणि ते लगेच दिसतात. टेबलाखाली सतरंजी किंवा गालिचा नको, तुकडे त्यात रुततात आणि मग पायात जातात.

टेबलावर प्रत्येकीपुढे एक ताट आणि त्यात टर्किशचा पांढरा नॅपकिन. मोती घरंगळत नाहीत, आणि पांढऱ्यावर गुलाबी-हिरवा खडा पटकन सापडतो. मोत्यांसाठी पांढऱ्याऐवजी फिकट निळा घेतलास तर अजून छान. उजेड पांढराच हवा. पिवळ्या दिव्याखाली दोन वेगळ्या लॉटचे मोती एकसारखे दिसतात आणि सकाळी उन्हात बघावं तर एक क्रीम, एक पांढरा. एक भिंगही आणून ठेव. चाळिशी उलटलेल्या बायका येतात आणि निम्म्या जणींचा जवळचा चष्मा घरी राहिलेला असतो. त्यांना ‘मला जमत नाही’ असं वाटतं, खरं तर त्यांना भोक दिसत नसतं.

खरेदीला भुलेश्वरच्या बाजारात जाशील तेव्हा डोकं थंड ठेव. तिथं पाऊल टाकलं की सगळंच हवंसं वाटतं. पाच हजारांच्या नोटा वेगळ्या काढ आणि त्या संपल्या की लोकल पकड. जाताना बारीक तारेचा एक तुकडा पर्समध्ये ठेव. मोत्याची माळ घेण्याआधी चारदोन मोत्यांतून ती तार दोनदा जाते का ते दुकानातच बघ. नथीत बऱ्याच ठिकाणी तार त्याच भोकातून परत आणावी लागते. भोक बारीक निघालं की घरी आल्यावर त्या माळेचा उपयोग फक्त ओवीच्या बाहुलीला. तार मागताना लक्षात ठेव, गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. नथीच्या कण्याला २० गेज, म्हणजे मिलिमीटरहून जरा कमी जाडीची. मोती बसवायला २८ गेज, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. सोनेरी पॉलिशची घे, आणि सरावाला साधी तांब्याची. बारीकसारीक माल तिथं ग्रोसवर मिळतो, ग्रोस म्हणजे १४४ नग. मोती मात्र हंगामाला पुरतील एवढे एकाच लॉटमधले घे. पुढच्या खेपेला तोच रंग मिळेलच असं नाही.

हत्यारांत कंजूषी नको. एक चपटा प्लास, एक गोल तोंडाचा, एक कटर, असे चार संच. चपट्या प्लासच्या जबड्याला आतून दाते नकोत. दात्यांनी तारेचं पॉलिश खरवडतं आणि नवी नथ पहिल्या दिवशीच जुनी दिसते.

आता नथ शिकवताना काय बघायचं ते ऐक. कण्याच्या तारेला आधी पेनावर बाक द्यायचा, बोटांनी, प्लासनं नाही. एका टोकाला नाकावर बसणारा दाब. मग बारीक तार कण्याला तीन वेढे घालून पक्की करायची आणि एक मोती, एक वेढा, एक मोती, एक वेढा असं बाकावरून चालत जायचं. मोती कण्याच्या बाहेरच्या बाजूला बसला पाहिजे. नवशिकीचा पहिला मोती हमखास आत झुकतो, कारण ती तार मागून पुढं आणण्याऐवजी पुढून मागं नेते. तिसऱ्या मोत्यापर्यंत हे कळलं नाही तर पूर्ण रांग वाकडी होते, म्हणून पहिल्या तीन मोत्यांपर्यंत तू प्रत्येकीच्या ताटाजवळ जाऊन यायचंच. पुढं मधला खडा आणि त्याच्याभोवतीचा मोत्यांचा घोस. खड्याभोवती तार ओढताना जोर लावायचा नाही. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होते आणि शेवटी तुटते. तुटलीच तर घाबरायचं नाही, नवी तार जुन्या वेढ्यांखाली अडकवून पुढं जायचं. हे तू मुद्दाम एकदा सगळ्यांसमोर तार तोडून दाखव. त्यांची निम्मी भीती तिथंच जाते.

आणि शेवटचं टोक. यावर तुझी परीक्षा आहे. टोक आत वळवून प्लासनं दाबलं की ‘झालं’ असं सगळ्याच म्हणतात. तेव्हा कापसाचा बोळा घ्यायचा आणि नथीच्या आतल्या अंगावरून हलकेच फिरवायचा. एक जरी तंतू अडकला तरी टोक बाहेर आहे. तेच टोक कार्यात तीन तास नाकाला टोचत राहणार. पुन्हा दाब, बारीक कानस फिरव, पुन्हा कापूस. कापूस सरळ निसटला की मगच नथ डबीत. हा बोळा प्रत्येकीला स्वतः फिरवू दे. घरी जाऊन तिनं दुसरी केली तर तिथं तू नसणार, कापूस असणार.

क्लासला चौघीच घे. पाचवी कितीही गळ घालू दे, तिला पुढची तारीख दे. कारण साधं आहे, एकीच्या ताटात तू वाकलीस की उरलेल्या तिघी थांबून बघू शकतात, सहाजणी असल्या की गप्पा मारायला लागतात आणि कुणाचा तरी मोती आत झुकतो. शिकवताना समोर बसू नकोस, बाजूला बस. समोरून दाखवलेलं सगळं आरशासारखं उलटं दिसतं. याला अपवाद डावखुरीचा. तिच्यासमोर बस आणि तुझ्या उजव्या हाताचं तिला डाव्यानं करू दे, तिला ते सरळ दिसतं. म्हणून नाव नोंदवतानाच विचारून ठेव, डावा हात की उजवा.

वेळ अडीच तास धर. पहिली वीसेक मिनिटं फक्त तांब्याच्या तारेवर वेढे, मोत्याला हात लावायचा नाही. कंटाळतील, कंटाळू दे. हाताला तारेचा अंदाज याच वेळात येतो. कापताना तारेचं सुटणारं टोक बोटानं धरायला इथंच शिकव, नाहीतर तुकडा उडून डोळ्यात जातो. चहा शेवटी, नथ डबीत गेल्यावर, आणि टेबलापासून लांब. सामानाच्या पुड्या आदल्या दिवशी बांध: मोजलेले मोती, वर दोन जास्तीचे, खडा, कापलेल्या तारा. क्लास चालू असताना तू डब्यांत मोती शोधत बसलीस तर शिकवणार कोण?

आता जरा कान इकडे कर. तुझा हात फार चांगला आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि शिकवताना नेमका तोच आडवा येणार आहे. कुणी अडली की तू तिच्या हातातली नथ घेशील, दोन मिनिटांत सरळ करून परत देशील, आणि ती ‘किती छान’ म्हणेल. पण त्या नथीतली तिची मेहनत तू पुसून टाकलेली असेल. तिच्या कामाला हात लावायचा नाही हा नियम स्वतःला घाल. तुझ्या हातात नेहमी तुझी एक अर्धवट नथ असू दे. काय करायचं ते तिच्यावर दाखव, मग थांब. ती चुकेल, उसवेल, परत घालेल. तुझे हात शिवशिवतील, शिवशिवू दे. पहिली नथ वाकडीच होते. वाकडी, पण माझी, असं म्हणत बाई ती मिरवते, दहाजणींना दाखवते. त्यातल्या दोघी पुढच्या महिन्यात तुझ्या दारात असतात. तू सरळ करून दिलेली नथ कुणी कुणाला दाखवत नाही, कारण तिला मनातून ठाऊक असतं की ती तिनं केलेली नाही.

पैशांचं बोलायला तुला संकोच वाटतो, म्हणून मीच मांडते. समजा माणशी सातशे रुपये फी. चौघींचे २,८०० झाले. सामान प्रत्येकी १३० धरलं तर ५२० गेले. चहा, वीज, हत्यारांची झीज मिळून २०० धर. उरले २,०८०. आता तास मोज. अडीच तास शिकवणं, दीड तास पुड्या बांधणं, एक तास मांडामांड आणि आवराआवर. एकूण पाच. म्हणजे तासाला ४१६ रुपये. बाजारातून माल आणायचा वेळ यात धरलेलाच नाही. हे आकडे तुझ्या भागाप्रमाणे बदलतील, पण मांडणी हीच ठेव. नाहीतर सामानाच्या वर जे उरतं तो सगळा नफा वाटतो आणि तुझे पाच तास हिशेबात कुठेच दिसत नाहीत. नथ विकतानाही हेच. सामानाच्या दुप्पट किंमत लावायची असं कुणी सांगेल, पण ज्या नथीत चाळीस रुपयांचं सामान आणि दोन तासांचं काम आहे, ती ऐंशीला विकून तुझ्या हाती तासाला वीस रुपये पडतात.

फी आधी घे, निदान अर्धी. आयत्या वेळी न येणारीचे पैसे परत नाहीत, पुढच्या तारखेला जागा मिळेल, हे नोंदणीच्या मेसेजमध्येच लिही. आणि घरची माणसं! जाऊबाई, मामी, तुझ्या नवऱ्याच्या, समीरच्या ऑफिसातल्या वहिनी, सगळ्या म्हणणार, ‘आम्हाला काय, जाता जाता दाखव.’ त्यांच्यासाठी एक वाक्य पाठ कर: ‘सामानाचे तेवढे द्या, आणि शनिवारी चौघींत या.’ सासूबाईंना मात्र पहिल्याच क्लासला मानानं बसव, फीशिवाय. त्या तुझी जाहिरातही करतील आणि क्लासच्या वेळी ओवीलाही सांभाळतील.

सोसायटीचं आधी मिटव. सेक्रेटरींना स्वतः जाऊन भेट: महिन्यातून दोन शनिवार, दुपारी, चार बायका, आवाज नाही, वास नाही. चपला दाराबाहेर पसरू देऊ नकोस आणि गाडीवाल्यांना पाहुण्यांचं पार्किंग कुठं ते आधीच सांग. शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा या दोनच गोष्टींच्या असतात.

कागदपत्रांचा बाऊ नको. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, फुकट. पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद कर. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकेच कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. जीएसटीसाठी नुसत्या मालाची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे, पण क्लासची फी म्हणजे सेवा, म्हणून तू २० लाखांचीच धर. तिथवर पोचलीस की मला पेढे दे आणि सीए गाठ. तोवर एक वही आणि धंद्याचं वेगळं बँक खातं पुरे.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. जे आहे तेच सांगायचं. काचेच्या मोत्याला बसरा म्हणायचं नाही. कुणी विचारलंच तर खऱ्या मोत्याची खूण दाखव, दातावर हलकं घासलं की खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. ‘वन ग्रॅम’ म्हणजे दागिन्यात ग्रॅमभर सोनं नसतं, वर पातळ मुलामा असतो, तेही सांग. आणि तुझ्या यादीतले ते ऑक्सिडाइज्डचे झुमके. त्यातले कितीतरी जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेल अनेकींना सोसत नाही, कानाच्या पाळ्या लाल होतात, खाज सुटते. म्हणून नाव नोंदवताना धातूची ॲलर्जी विचारून घे. हो म्हणाली तर तिला दाब चांदीचा लावून दे आणि फरक घे. सोन्याच्या नथीची ऑर्डर आलीच तर सोनाराचा पत्ता दे. हॉलमार्क, त्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, तोळ्याचा रोजचा भाव, या सगळ्यात तुला पडायचं नाही.

नक्षीचं म्हणशील तर बानू नथ काय, पेशवाई नथ काय, त्या कुणा एकीच्या मालकीच्या नाहीत, बिनधास्त शिकव. ‘माझी डिझाइन’ म्हणून त्यावर नाव घालू नकोस, आणि दुसरीनं खपून केलेली नवी मांडणी फोटोवरून उचलूही नकोस. तुझ्याकडे शिकलेली एखादी उद्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये क्लास काढेल. काढू दे. नथ शिकणाऱ्या बायका ठाण्यात कमी नाहीत.

वर्षभर नथ नीट बसली की पुढचं पाऊल टाक. सराफ्यात दुकानाच्या पायरीशी मंगळसूत्रं गाठवून देणारे पटवेकरी बसतात ना, त्यांच्यापैकी एखाद्या काकांकडे जाऊन तन्मणी गाठवायला शीक. रेशीम पायाच्या अंगठ्याला ताणून ते जी गाठ मारतात, ती व्हिडिओत बघून येत नाही. शिकवण्याचे पैसे त्यांना आधी विचार आणि दे, घासाघीस न करता. दुसरं, जानेवारीत हलव्याचे दागिने. नव्या सुनेची पहिली संक्रांत आणि बाळाचं बोरन्हाण, दोन्हीला मागणी पक्की. त्याचं शिक्षण मात्र वेगळं. हलवा टोचून ओवता येत नाही, दाणा दोऱ्यांच्या पिळात धरून गाठवत जायचं असतं, काटा मोडू न देता. मुंबईकडची दमट हवा आणि मुंग्या, दोन्हींपासून तो जपायचा. म्हणून त्याला नथीचा सराव आधी हवा. बोटं हलकी झाली की हलवा जमतो.

टॉर्च, क्ले, रेझिन यांचं काय, असं विचारशीलच. वर्षभरानं तुझ्याच बायका सांगतील त्यांना काय शिकायचंय. तेव्हा त्यांच्या फीच्या पैशांतून ते घे, समीरच्या पगारातून नाही.

श्रावण लागायला अजून वेळ आहे. या आठवड्यात सेक्रेटरींना भेट, पुढच्या आठवड्यात भुलेश्वर, आणि तोवर स्वतः दहा नथी कर, प्रत्येक वेळी घड्याळ लावून. दहावी नथ किती वेळात झाली ते मला कळव. त्याच्या तिप्पट वेळ नवशिकीला लागतो. तो अडीच तासांत बसत नसेल तर नथीतले मोती कमी कर, फी कमी करू नकोस. मग तारीख जाहीर कर आणि चार नावं घे.

तुझी,
ताई